नफा २२ लाख, मग पगाराला पैसे का नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. भोसरीत तुमचं सीएनसी टर्निंगचं (संगणकावर चालणाऱ्या लेथचं) वर्कशॉप आहे, वाहन उद्योगातल्या टियर-१ व्हेंडरना, म्हणजे गाडी कंपन्यांना थेट माल देणाऱ्यांना, तुम्ही पार्ट पुरवता. गेल्या वर्षी उलाढाल २ कोटी ४० लाखांवरून ३ कोटी ६० लाखांवर गेली. सीएने २२ लाख नफा काढून दिला. आणि त्याच वर्षाच्या अखेरीला, पहिल्यांदाच, पगार सात तारखेऐवजी चौदाला झाला. तुम्ही विचारता, पैसे गेले कुठे? अकाउंटंटने काही गडबड केली असेल का? आणि एक नवा कस्टमर महिन्याला आणखी १० लाखांचं काम द्यायला तयार आहे, ते घ्यावं का?

तुम्ही दोन्ही वर्षांचे ताळेबंद दिलेत हे फार बरं केलंत. त्यामुळे अंदाजाने बोलावं लागत नाही. आधी अकाउंटंटबद्दल: पैसा कुठे गेला ते तुमच्याच आकड्यांतून पूर्ण जुळतं. संशयाला जागा दिसत नाही. फक्त येण्याची, म्हणजे कस्टमरकडून यायच्या पैशांची, यादी एकदा प्रत्येक कस्टमरच्या खात्याशी ताडून घ्या, म्हणजे मनात काही राहणार नाही. चोवीस वर्षं मी भोसरी-चाकणच्या लहान कारखान्यांचे हिशेब पाहते आहे. नफा दिसतो आणि पैसा दिसत नाही, एवढ्यावरून चांगली माणसं दुखावली गेलेली मी पाहिली आहेत.

नफ्याच्या हिशेबात विक्री कधी धरली जाते? तुम्ही बिल फाडलं की त्या दिवशी. पैसे बँकेत कधी येतात, याच्याशी नफा-तोटा पत्रकाला काही देणंघेणं नसतं. तसंच नवं मशीन घेताना दिलेला पैसा त्या पत्रकात खर्च म्हणून येत नाही, येतो तो फक्त दरवर्षीचा घसारा. कर्जाच्या हप्त्यातलं व्याज तिथे दिसतं, मुद्दल दिसत नाही. घरखर्चाला काढलेली उचलही दिसत नाही. म्हणजे वर्षभर बँकेतून जे जातं त्यातलं बरंचसं त्या पत्रकाच्या बाहेर असतं. जे प्रत्यक्ष आत आलं आणि प्रत्यक्ष बाहेर गेलं, तारखेसकट, तो रोखप्रवाह. लोक सरळ कॅश फ्लो म्हणतात, आपणही तेच म्हणू.

आता तुमचे आकडे. सगळे लाखांत, थोडे पूर्णांकात आणलेले.

नफा २२. त्यात घसारा ८ मिळवा, कारण तो खर्च लिहिला गेला पण खिशातून कोणाला दिलेला नाही. झाले ३०. धंद्याने खरोखर ३० लाख कमावले, यात शंका नाही. आता ते अडकले कुठे ते पाहू. कस्टमरकडचं येणं ४७ होतं, ते ८८ झालं, म्हणजे ४१ तिथे गेले. स्टीलचे बार, अर्धवट माल आणि तयार माल मिळून साठा १४ वरून २३ झाला, ९ तिथे. उलट तुम्ही स्टीलवाल्याचं आणि जॉबवर्कवाल्यांचं (तुमच्या मालावर बाहेर काम करून देणाऱ्यांचं) देणं १८ वरून ३१ वर नेलंत, म्हणजे १३ लाख त्यांचे वापरलेत. ४१ अधिक ९ वजा १३, एकूण ३७ लाख रुपये धंद्याच्या चाकात जाऊन बसले. ३० कमावले आणि ३७ अडकले. धंद्याचा कॅश फ्लो वर्षभरात उणे ७ लाख.

इथून पुढे: व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) २८ लाखांचं, त्याला २१ लाख टर्म लोन, तुमचा स्वतःचा हिस्सा ७. कर्जाचं मुद्दल ५ फेडलंत. घरी ९ नेले. आयकर ३. हे २४ आणि वरचे ७ मिळून ३१ लाख कमी पडले. ते आले कुठून? कॅश क्रेडिट (सीसी) खात्याची, म्हणजे ठरलेल्या लिमिटपर्यंत लागेल तसे पैसे काढता येणाऱ्या कर्जखात्याची, उचल १२ वरून ३८ वर गेली, हे २६. बँकेतली शिल्लक ६ वरून १ वर आली, हे ५. बेरीज ३१. सीसीचं लिमिट ४० आहे. एप्रिलच्या सात तारखेला तुमच्याकडे लिमिटमधले दोन आणि शिल्लक एक, एवढे तीनच लाख होते. पगार होणार कसा?

वर जे केलं त्यालाच कॅश फ्लो स्टेटमेंट म्हणतात. लेखा मानक ३ मध्ये त्याचे तीन भाग सांगितले आहेत: रोजच्या धंद्यातून, गुंतवणुकीतून, आणि भांडवल-कर्जातून. काटेकोर मांडणीत व्याज आणि कर वेगळ्या जागी बसतात, तुमच्यासाठी मी मांडणी सोपी केली आहे, बेरीज तीच येते. तुम्ही हे कधी पाहिलं नाहीत कारण प्रोप्रायटरला, म्हणजे एकट्या मालकाच्या धंद्याला, ते काढण्याची कायद्याने सक्ती नाही. कंपनी कायद्यातही छोट्या कंपनीला त्यातून सूट आहे. मागितलं नाही तर सीए देत नाही. यंदापासून मागा. दोन ताळेबंद आणि एक नफा-तोटा पत्रक एवढ्यावर ते निघतं.

आपल्याकडची जुनी माणसं रोजमेळ लिहायची. सकाळची शिल्लक, दिवसभराची जमा, दिवसभराची नावे, संध्याकाळची शिल्लक. तो मेळ बसल्याशिवाय दुकानाचं शटर खाली येत नसे. शुद्ध कॅश फ्लो होता तो. संगणकावर हिशेब आले, बटण दाबलं की नफा दिसू लागला, आणि शिल्लक रोज डोळ्यांनी पाहायची सवय गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता ४१ लाखांकडे परत येते, कारण सगळी मेख तिथे आहे. आधीच्या वर्षी महिन्याला २० लाखांची विक्री होती, जीएसटी धरून २३.६. कस्टमर साधारण ६० दिवसांत पैसे द्यायचे, म्हणून येणं ४७. यंदा विक्री ३० लाख, जीएसटी धरून ३५.४. कस्टमर ६० दिवसांतच देत राहिले असते तर येणं ७१ च्या आसपास गेलं असतं. म्हणजे ४१ पैकी साडेतेवीस लाख नुसत्या वाढीने खाल्ले. ती वाढीची किंमत आहे, टळणारी नाही. उरलेले पावणेअठरा लाख मात्र गेले ते ६० चे ७५ दिवस झाले म्हणून. कोणी ठरवलं नव्हतं, कोणी सही केली नव्हती, पंधरा दिवस हळूहळू सरकले.

तुमच्या आजच्या विक्रीवर एक दिवस म्हणजे १ लाख १८ हजार रुपये. हा आकडा ऑफिसच्या भिंतीवर लिहून ठेवा. येणं एक दिवसाने लवकर आलं की सव्वा लाखाच्या आसपास रक्कम तुमच्या खात्यात कायमची मोकळी होते, बिनव्याजी, बँकेच्या पाया न पडता.

प्रत्येक धंद्यात असं होतं असं नाही. मिसळीचं हॉटेल बघा. गिऱ्हाईक खाऊन उठलं की पैसे गल्ल्यात, दूधवाल्याला आणि किराणावाल्याला महिन्याने. त्याचा धंदा वाढला की हातात रोकड वाढते. तुमचा वाढला की रोकड आटते. त्यामुळे विक्री वाढतेय म्हणजे सगळं ठीक, हे हॉटेलवाल्याने म्हटलं तर चालेल. तुमच्यासारख्या व्हेंडरने म्हणू नये.

हे पंधरा दिवस कुठे गेले ते शोधायला ऑफिसात बसून उपयोग नाही. मी एका क्लायंटसाठी त्याच्या कस्टमरच्या स्टोअर्समध्ये आणि मग त्यांच्या अकाउंट्समध्ये एक अख्खा दिवस काढला होता. कळलं ते असं: क्रेडिटचे दिवस बिलाच्या तारखेपासून मोजतच नव्हते, जीआरएनच्या (माल स्वीकारल्याच्या नोंदीच्या) तारखेपासून मोजत होते. माल गेटवर गेला की जीआरएन होत नाही, इन्स्पेक्शन झाल्यावर होते. पेमेंट महिन्यातून दोनदाच निघत होतं, दहाला आणि पंचवीसला. म्हणजे जीआरएन एक दिवस उशिरा पडली की पेमेंट पंधरा दिवस पुढे. आमच्या बाजूनेही चुका होत्याच. बिलावर पीओचा (खरेदी ऑर्डरचा) लाइन नंबर चुकीचा, सुधारित दराची अमेंडमेंट आलेली नसताना नव्या दराने बिल, रिजेक्शनची डेबिट नोट (नापास मालाचे पैसे कापल्याची चिठ्ठी) तीन महिने कोणी जुळवलेली नाही. पीओतला दर आणि बिलातला दर यात पैशाचा फरक असला तरी त्यांची प्रणाली ते बिल अडवून ठेवायची, आणि कोणी कळवायचंही नाही. बिल पास झालं असेलच या भरवशावर आम्ही दिवस मोजत बसलेलो.

म्हणून वसुली म्हणजे तारीख उलटल्यावर फोन करणं नव्हे. माल गेल्यानंतर चौथ्या दिवशी विचारा की जीआरएन पडली का. दहाव्या दिवशी विचारा की बिल पास झालं का. तोवर पैशाचा विषयच काढू नका. हे काम एकाच माणसाकडे द्या, तुमचा अकाउंटंट प्रामाणिक आहे तर त्याच्याकडेच द्या. आणि महिनाअखेरीला एकदम बिलं पाठवण्याची सवय असेल तर ती आजच सोडा. तीन तारखेला गेलेला माल तीसला बिल होत असेल तर ते सत्तावीस दिवस तुम्ही स्वतःच उधार दिलेत.

कायदा तुमच्या बाजूने आहे, पण तो कसा वापरायचा ते नीट समजून घ्या. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाला माल स्वीकारल्यापासून ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावे लागतात, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठरवताच येत नाही. लेखी काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. पुढे गेल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. तुमच्या पीओवर ६० दिवस छापलेलं असलं तरी कायदा ४५ वरच थांबतो. आता खरं सांगते, चालू कस्टमरविरुद्ध सरकारी पोर्टलवर थकबाकीची तक्रार करणारा व्हेंडर क्वचित सापडतो. पुढचा पीओ येणार नाही ही भीती खोटी नाही. मीही तो सल्ला सहसा देत नाही, संबंध संपलेच असतील तरच देते.

पण २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात जी तरतूद आली, जिला सगळे ४३बी(एच) म्हणतात, तिने भांडण न करता काम होतं. सूक्ष्म-लघु उत्पादकाचं देणं या मुदतीबाहेर गेलं, तर तो खर्च खरेदीदाराला पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी वजा मिळतो. वर्षअखेरीला असं थकीत राहिलं तर त्याचा कर वाढतो. म्हणून प्रत्येक बिलावर उद्यम (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) क्रमांक आणि ‘सूक्ष्म उद्योग’ असं ठळक छापा, आणि प्रमाणपत्राची प्रत त्यांच्या अकाउंट्सला ईमेलने पाठवून ठेवा. मग तुमची बिलं कोणत्या यादीत टाकायची ते त्यांचे ऑडिटरच बघतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये याचा फरक मला स्पष्ट दिसला आहे.

हाच नियम उलटा तुम्हालाही लागतो. तुमचं हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंग करणारे उद्यमवाले लहान उद्योग असतील, आणि तुमचं देणं सरासरी पन्नास दिवसांवर गेलेलं दिसतंय. त्यांचे पैसे थकवून कॅश फ्लो सुधारलाय असं समजू नका. स्टीलचा व्यापारी या तरतुदीत येत नाही, पण त्याला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं जीएसटी क्रेडिट (खरेदीवरच्या कराची वजावट) उलटवावं लागतं.

जीएसटीबद्दल अनेकांचा गैरसमज असतो. बिल केलं की कर देय झाला, कस्टमरने पैसे दिले असोत वा नसोत. तुमच्या ३० लाखांच्या बिलावर ५ लाख ४० हजार, त्यातून खरेदीवरचं क्रेडिट वजा जाता महिन्याला २ लाख ७० हजारांच्या आसपास तुम्ही वीस तारखेला भरता. कस्टमर ७५ दिवसांनी देतो, म्हणजे त्याचा कर तुम्ही आगाऊ भरता. आणि पैसे आल्यावर ती सगळी रक्कम आपलीच वाटते, हा सर्वात मोठा घोटाळा. माझे काही क्लायंट वेगळं खातं ठेवतात. पैसे आले की जीएसटीचा वाटा त्याच दिवशी तिकडे. थोडं गैरसोयीचं आहे, पण वीस तारखेची धडधड थांबते.

तुमचे मोठे कस्टमर ट्रेड्सवर आहेत का ते विचारा. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणारे हे मंच आहेत, आरएक्सआयएल, एम१एक्स्चेंज, इनव्हॉइसमार्ट वगैरे. कस्टमरने तिथे बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि पैसे लगेच तुमच्या खात्यात येतात. नंतर कस्टमरने बुडवलं तरी बँक तुमच्यामागे येत नाही. व्याजाचा दर कस्टमरच्या पतीवर ठरतो, त्यामुळे बऱ्याचदा तुमच्या सीसीपेक्षा स्वस्त पडतो. २५० कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना तिथे नोंदणी करणं २०२४ च्या नोव्हेंबरमधल्या अधिसूचनेने बंधनकारक झालं आहे. नोंदणी असून बिलं न टाकणारे कस्टमरही आहेत. त्यांच्या खरेदी विभागाकडे नाही, वित्त विभागाकडे जाऊन बोला.

बँकेचं लिमिट वाढवून मागायचं का? हो, पण त्या आधी दिवस कमी करून. नायक समितीच्या सूत्राने लहान उद्योगाला अंदाजित उलाढालीच्या २० टक्के खेळतं भांडवल मिळू शकतं. तुमचं ४० लाखांचं लिमिट दोन कोटींच्या उलाढालीच्या काळातलं आहे, ३ कोटी ६० लाखांवर ते ७२ पर्यंत जाऊ शकतं. मात्र ९० दिवसांपुढचं येणं बँक ड्रॉइंग पॉवरमध्ये (सीसीतून प्रत्यक्ष किती काढता येईल त्या हिशेबात) सहसा धरत नाही. कस्टमरने थकवलं की पैसेही येत नाहीत आणि लिमिटही आकसतं, दोन्हीकडून कोंडी. आणि एक चूक मनावर घ्या: व्हीएमसीचे ७ लाख तुम्ही सीसीतून दिलेत. मशीन पाच-सात वर्षांत पैसे परत देतं. सीसीचा पैसा नव्वद दिवसांत फिरून यायला हवा. मशीनचा हिस्सा आधी बाजूला साठला नसेल तर मशीन सहा महिने थांबू शकतं.

आता रोजचं काम. एका कागदावर तेरा आठवड्यांचे तेरा रकाने आखा. वर आजची शिल्लक. मग त्या आठवड्यात कोणाकडून किती येणार, बिलावरची देय तारीख नव्हे, तो कस्टमर प्रत्यक्षात ज्या तारखेला देतो ती. खाली जाणारे पैसे, आणि ते तारखांना बांधलेले असतात: सातला पगार आणि टीडीएस, पंधराला पीएफ आणि ईएसआय, वीसला जीएसटी, शिवाय कर्जाचा हप्ता, महावितरणचं बिल, गाळ्याचं भाडं. जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्चच्या पंधराला आगाऊ आयकर. दिवाळीला बोनस, आणि त्याच आठवड्यात कस्टमरचा प्लांट बंद म्हणून माल उतरत नाही. हा खड्डा ऑगस्टमध्येच कागदावर दिसला पाहिजे. दर सोमवारी अर्धा तास, मागचा आठवडा खोडून नवा तेरावा जोडायचा. अकाउंटंट करेल, पण शेजारी तुम्ही बसा. पहिले महिनाभर अंदाज चुकतील, चुकू द्या. कोणता कस्टमर बोलतो एक आणि देतो दुसरं, हे त्या चुकांतूनच कळतं.

एखाद्या आठवड्यात कमी पडणार दिसलं तर पगार आणि पीएफला हात लावू नका. कामगाराच्या पगारातून कापलेला पीएफ न भरणं हा गुन्हा आहे, ते पैसे तुमचे नाहीतच. जीएसटी उशिरा भरला तर १८ टक्के व्याज. स्टीलवाल्याला मात्र तारखेच्या आधी फोन करता येतो. दहा दिवस आधी सांगितलं तर तो बहुतेक वेळा थांबतो, दहा दिवस नंतर सांगितलं तर माल थांबवतो.

राहिलं नवं काम, महिन्याला १० लाखांचं. सध्याच्याच अटींवर घेतलंत तर येण्यात साडेएकोणतीस लाख अडकतील, साठ्यात ७, आणि पुरवठादार त्यातले १० उधारीवर देतील. म्हणजे साडेसव्वीस लाख रुपये तुम्हाला आधी घालावे लागतील. तुमच्याच अंदाजाने या कामात महिन्याला लाखभर सुटतील. घातलेला पैसा परत यायला सव्वादोन वर्षं, आणि तोही ७५ चे ९० दिवस झाले नाहीत तर. आज तुमच्याकडे तीन लाख मोकळे आहेत.

काम सोडू नका, अटी बदला. सर्वात आधी विचारा की मटेरियल ते देतील का आणि तुम्ही फक्त मजुरीचं बिल कराल का. मोठा कस्टमर स्टील तुमच्यापेक्षा स्वस्तात घेतो, त्यामुळे हे बोलणं वाटतं तेवढं अवघड नसतं. मटेरियल साधारण निम्मं धरलं तर बिल पाच लाखांवर येईल, येण्यातली अडकलेली रक्कम निम्मी होईल आणि बारचा साठा तुमच्या पैशाचा राहणार नाही. ते नसेल जमत तर ट्रेड्सवर बिल मान्य करण्याची अट पीओत लिहून घ्या. तेही नसेल तर पहिले चार महिने ३ लाखांचंच काम घ्या आणि जुन्या येण्यातले दहा दिवस आधी कमी करा, त्यातून बारा लाखांच्या जवळपास मोकळे होतील. पुढच्या सोमवारी तेरा रकाने भरून त्यात हे काम दोन्ही प्रकारे बसवून बघा, आणि कोटेशन त्यानंतर पाठवा.